पहिल्या गोळीनंतर थंडी वाजेल, हे आधीच सांगणारं सांगलीवाडीचं मेडिकल

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात एकतीस वर्षं दिवाणजी आहे. राहायला सांगलीवाडीत. रोज सकाळ-संध्याकाळ आयर्विन पूल ओलांडतो आणि घरी परतताना ज्या दुकानाच्या पायरीवर थांबतो, त्या दुकानाबद्दल हे लिहितोय. औषधाचं दुकान आहे. सांगलीवाडीत कुणालाही ‘मॅडमचं मेडिकल’ विचारा, बोळ दाखवतील. पाटीवरचं नाव इथं देत नाही. मॅडमना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “काका, औषधाबद्दल लिहा, माझ्याबद्दल नको.”

दुकान दहा बाय बाराचं. आत एक फ्रीज, त्याला स्वतंत्र इन्व्हर्टर, कारण इन्सुलिन आणि लशी गरम झालेल्या त्यांना चालत नाहीत. काउंटरच्या मागच्या भिंतीवर डोक्याच्याही वर एक मातकट रेघ आहे. २०१९ च्या पुराची. त्या ऑगस्टमध्ये पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि धोक्याची पातळी आहे ४५ फूट. दुकान सगळं गेलं. नंतर रंग दिला तेव्हा तेवढी रेघ त्यांनी ठेवून दिली. पाणी ओसरल्यावर आमच्या गल्लीत घरोघरी डॉक्सी या अँटिबायोटिकच्या गोळ्या वाटल्या गेल्या. मीही खाल्ल्या. कशासाठी खातोय ते मला तेव्हा कळलं नव्हतं. खा म्हणाले, खाल्ल्या. औषधाकडं बघायची माझी रीत तोवर तीच होती.

मागच्या श्रावणात ती बदलली.

माझ्या धाकट्या भावाचा चार म्हशींचा गोठा आहे. पावसानं गोठ्यामागं पाणी तुंबलं, आणि हा अनवाणी पायांनी दोन दिवस फावडं घेऊन चर काढत होता. टाचांना भेगा होत्याच. आठ-दहा दिवसांनी ताप आला. साधा ताप नव्हे. पोटऱ्यांना हात लावू देईना, डोळे लालभडक, डोकं फुटतंय म्हणायचा. आमच्या डॉक्टरांनी गोठ्याचं विचारलं आणि लगेच म्हणाले, लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, असू शकतो. उंदीर, घुशी आणि जनावरांच्या मुतातून तो जंतू पाण्यात उतरतो आणि पायाच्या भेगेतून अंगात शिरतो. रक्त तपासायला पाठवलं, पण अहवालाची वाट न बघता डॉक्सीसायक्लीन, म्हणजे तीच पुरातली डॉक्सी, लिहून दिली. शंभर मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस.

चिठ्ठी घेऊन मी मॅडमकडं गेलो. दुसरीकडं गेलो असतो तर चौदा कॅप्सूल आणि उरलेले सुटे पैसे घेऊन दोन मिनिटांत परत आलो असतो. इथं वीस मिनिटं लागली. आधी त्यांनी विचारलं, कुणाला, वय किती, ताप कितवा दिवस, यापूर्वी कुठल्या औषधानं अंगावर पित्त उठलंय का. मग सांगितलं: जेवणानंतर घ्यायची, पेलाभर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, कारण ही कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथं जखम करते. दुधाबरोबर नको. म्हशीवाल्या घरात हे मुद्दाम सांगायला लागतं. दुधातलं कॅल्शियम औषध नीट शोषू देत नाही.

हे सगळं एखादा दुसरा चांगला दुकानदारही सांगेल. पुढचं आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

“काका, पहिल्या कॅप्सूलनंतर काही तासांत थंडी वाजून ताप वाढू शकतो. सगळ्यांना होतं असं नाही, पण होऊ शकतं. घरातली माणसं म्हणतील गोळी बाधली. तुम्ही स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका. पण अंगावर पुरळ उठलं, ओठ-डोळे सुजले, छातीत घरघर लागली, तर ते वेगळं आहे, ती ॲलर्जी. तेव्हा गोळी थांबवायची आणि दवाखाना गाठायचा. लघवी कमी झाली, दम लागला, डोळे पिवळे दिसले, खोकल्यात रक्त आलं, तरी थेट दवाखाना. आणि नुसती थंडी वाजली तरी डॉक्टरांना कळवायचं, रक्तदाब बघायला लागतो.”

हे त्यांनी पाठकोऱ्या कागदावर लिहून पट्टीला रबर लावून दिलं. खाली स्वतःचा नंबर.

रात्री साडेआठला पहिली कॅप्सूल दिली. अकराच्या सुमाराला भाऊ कुडकुडायला लागला. दोन घोंगड्या घातल्या तरी पलंग हलत होता. ताप १०४. आईनं मिठाची मूठ घेऊन दृष्ट काढली. भावजयीनं पट्टी उचलून वरच्या फळीवर ठेवली. “गोळीनंच केलंय ओ हे. आता दुसरी द्यायची न्हाई, भावजी.” तिचं काय चुकलं? संध्याकाळी बरा बोलत होता, गोळी घेतली आणि हे झालं. मीही तिच्या जागी तेच म्हणालो असतो. पण माझ्या खिशात तो कागद होता. मी सगळ्यांना वाचून दाखवला. दिवसा लिहिलेलं रात्री जसंच्या तसं घडतंय हे बघून आई गप्प झाली.

मॅडमना फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. लघवी झाली का, श्वास कसा आहे, ओळखतोय का, पुरळ आहे का. मग म्हणाल्या, “होणारं तेच दिसतंय, पण घरी ठेवू नका. आत्ता डॉक्टरांकडं न्या, मी त्यांना फोन करते.” शेजाऱ्याच्या ओम्नीतून नेलं. रक्तदाब उतरला होता, फार नाही. रात्रभर सलाईन लावून लक्ष ठेवलं. पहाटे दरदरून घाम आला, आणि सकाळी सातला त्यानं चहा मागितला. दुसरी कॅप्सूल वेळेवर दिली. नंतर तशी थंडी परत आली नाही. चार दिवसांनी अहवाल आला, लेप्टोच होता.

मॅडमनी रिकामी पट्टी दाखवायला सांगितलं होतं. आठव्या दिवशी भाऊ स्वतः सायकलवरून जाऊन दाखवून आला.

मी हिशेबाचा माणूस. औषध दिलं आणि आजार वाढला, ही नोंद माझ्या डोक्यात बसेना. पुढच्या आठवड्यात संध्याकाळी पाच वाजता, गिऱ्हाईक कमी असताना जाऊन बसलो. त्यांनी स्टूल दिलं. त्या पूर्वी फार्मसी कॉलेजात शिकवायच्या, ती सवय अजून गेलेली नाही. मला हवं ते मिळालं.

जंतू मेला म्हणजे संपला, असं आपण धरून चालतो. पण मेलेल्या जंतूचा सांगाडा अंगातच फुटतो आणि त्याच्या कवचाचे तुकडे रक्तात सुटतात. १८९२ साली, बर्लिनमध्ये जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्याकडं काम करणाऱ्या रिचर्ड फायफर यांना दिसलं, की पटकीचे (कॉलऱ्याचे) जंतू आधी मारून मग गिनीपिगला टोचले तरी गिनीपिग मरतो. विष जंतू बाहेर सोडत नव्हता, ते त्याच्या अंगाचाच भाग होतं. फायफर यांनी त्याला एंडोटॉक्सिन म्हटलं, आतलं विष. आज माहीत आहे, की ते ई. कोलायसारख्या एका मोठ्या गटाच्या जंतूंच्या बाहेरच्या पडद्यातलं साखर आणि चरबी जोडलेलं रसायन आहे. आपल्या पेशींवर ते ओळखणारी एक घंटी असते. ही घंटी कोणती हे शोधणारे ब्रूस बॉयटलर २०११ च्या वैद्यकाच्या नोबेलचे एक मानकरी. घंटी वाजली की पेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन अशी द्रव्यं सोडतात, मेंदू अंगाचं तापमान वर चढवतो, आणि वर चढण्यासाठी स्नायू थरथरतात. तीच आपली हुडहुडी.

लेप्टोचा जंतू स्क्रूसारखा पिळाचा. त्याच्या कवचाची घडण थोडी निराळी, पण प्रकार तोच. औषधानं एका वेळी खूप जंतू फुटले की खूप तुकडे एकदम सुटतात. माझ्या भाषेत सांगायचं तर वर्षभराची थकबाकी एकाच दिवशी वसुलीला आली. या झटक्याला यारिश-हर्क्सहायमर प्रतिक्रिया म्हणतात. ऑस्ट्रियाचे यारिश यांनी १८९५ साली, जर्मनीचे हर्क्सहायमर यांनी १९०२ साली ती गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या, रोग्यांत नोंदवली. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं, पारा द्यायचे, आणि पारा दिल्यावर चट्टे आधी भडकायचे. बहुतेकांत हे चोवीस तासांत ओसरतं. म्हणजे माझा भाऊ त्या रात्री कुडकुडत होता, ते औषध कामाला लागल्याचं चिन्ह होतं. ते माहीत नसतं तर ती पट्टी फळीवरच राहिली असती, आणि लेप्टो मूत्रपिंडापर्यंत पोचायला फार दिवस घेत नाही.

ही गोष्ट मला इतकी लागली, कारण वडिलांच्या वेळी उलटं झालं होतं. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. शहरातल्या एका मेडिकलमधून, चिठ्ठी नसताना, तापासाठी सुट्या गोळ्यांची पुडी आणली. चार रंगांच्या चार गोळ्या. त्यातली बारकी पांढरी स्टेरॉईडची होती, हे आम्हाला पाच दिवसांनी दवाखान्यात कळलं. वडिलांना साखर होती. ती चारशेवर गेली. ताप मात्र पहिल्या पुडीत उतरला होता, म्हणून आम्ही त्या दुकानदाराला शहाणा समजत होतो. ताप आणि सूज दाबली, जंतू तसाच राहिला.

हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा वाटलं, त्या स्टेरॉईडला शिव्या घालतील. त्या म्हणाल्या, “स्टेरॉईड वाईट नाही काका, न सांगता दिलेलं वाईट.” मेंदूच्या आवरणाला जंतूंमुळं सूज येते, त्या मेनिंजायटिसमध्ये अँटिबायोटिकनं जंतू फुटले की त्या तुकड्यांनीच सूज आणखी वाढते, आणि कवटीत सुजेला जागा नसते. म्हणून मोठ्या माणसांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाच्या आधी किंवा सोबतच देतात. २००२ साली युरोपातल्या एका चाचणीचे आकडे प्रसिद्ध झाले. न्यूमोकोकस जंतूमुळं मेनिंजायटिस झालेल्या रोग्यांत स्टेरॉईडशिवाय शंभरात चौतीस दगावायचे, ते स्टेरॉईड दिल्यावर चौदावर आले. तेच बारकं औषध. पण कुणाला, कधी आणि कशासोबत द्यायचं ते ठरवून दिलेलं.

या दुकानाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते हेच. बहुतेक ठिकाणी दिवसातून किती आणि किती दिवस एवढं सांगतात. इथं ते औषध अंगात गेल्यावर काय करील तेही सांगतात.

माझ्या सासऱ्यांचा पाय उसाच्या फडात कापला. दोन दिवसांत गुडघ्यापर्यंत लाल, टरटरून सुजलेला. आमची आजी याला धावरं म्हणायची. मिरजेला नेलं. तिथं पेनिसिलिनच्या जातीचं एक इंजेक्शन आणि शिवाय क्लिंडामायसिन. मला वाटलं, बिल वाढवतायत. तिथं विचारायची हिंमत झाली नाही, इथं येऊन विचारलं. मॅडम म्हणाल्या, पेनिसिलिन जंतूची भिंत बांधू देत नाही, म्हणून वाढणारा जंतू फुटतो. पण जंतू फार झाले की त्यांची वाढ मंदावते, आणि ज्याचं बांधकामच बंद आहे त्याला पेनिसिलिन काय करणार? हॅरी ईगल यांनी १९५२ साली उंदरांवर हे दाखवलं. उशिरा दिलेलं पेनिसिलिन उपयोगी पडेना. क्लिंडामायसिनचं काम वेगळं. ते जंतूचा प्रथिनं बनवायचा कारखाना बंद पाडतं, आणि स्ट्रेप्टोकोकससारख्या जंतूंची घातक विषं ही प्रथिनंच असतात. म्हणजे एक मारतो आणि दुसरा विष पाडायचं थांबवतो. सासऱ्यांचा पाय वाचला. दोन औषधांचं बिल मी हसत भरलं असतं, आधी कुणी सांगितलं असतं तर.

तेव्हाच त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मी घरात सगळ्यांना सुनावतो. स्टॅफिलोकोकस या जंतूला पेनिसिलिनच्या जातीचं औषध मरणार नाही इतपतच मिळालं, तर काही वेळा तो आधीपेक्षा जास्त विष तयार करतो, असं प्रयोगशाळेत दिसलंय. आमच्याकडं चार गोळ्या लिहून दिल्या की दोन खायच्या आणि दोन पुढच्या वेळेला डब्यात, ही पद्धत होती.

नकार द्यायलाही या दुकानात लाजत नाहीत. माझ्या पाच वर्षांच्या नातीला जुलाब झाले, शौचात रक्त दिसलं. मी घाईत जाऊन मागच्या खेपेची, जुलाब थांबवायला दिलेली अँटिबायोटिकची गोळी मागितली. मॅडमनी ओआरएसची पाकिटं दिली आणि गोळी द्यायला साफ नाही म्हणाल्या. मला राग आला, खरं सांगतो. पोरगी रडतेय आणि ही बाई चिठ्ठी मागतेय. बालरोगतज्ज्ञांकडं गेलो, त्यांनी शौच तपासायला पाठवलं. पोरगी बरी झाल्यावर मी कारण विचारलं.

रक्ताच्या जुलाबात शिगेला जंतू असला तर अँटिबायोटिक लागतं, तिथं टाळाटाळ करून चालत नाही. पण ई. कोलायची काही घराणी अशी आहेत, की त्यांच्या अंगात एक विषाणू झोपलेला असतो आणि विषाचा नुस्खा त्या विषाणूकडं असतो. काही अँटिबायोटिक जंतूच्या डीएनएला धक्का लावतात. त्या धक्क्यानं झोपलेला विषाणू जागा होतो, वाढतो, जंतूला फोडून बाहेर पडतो, आणि सोबत शिगा विष आतड्यात ओतलं जातं. ते विष मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतं, आणि लहान पोरांना त्याचा धोका मोठा. म्हणून आधी कोणता जंतू ते बघायचं.

२०११ साली जर्मनीत अशाच एका ई. कोलायनं थैमान घातलं. पन्नासच्या वर माणसं गेली, आठशेच्या वर लोकांची मूत्रपिंडं धोक्यात आली. शोधत गेले तर मूळ निघालं मोड आलेल्या मेथीत, आणि ते मेथीदाणे होते इजिप्तचे. मेथी! आमच्या घरात आठवड्यातून एकदा मेथीला मोड येतात. तिकडं ते मोड कच्चे खाल्ले गेले होते. त्या दिवसापासून बायको मोड शिजवूनच वाढते.

सिफिक्झिमसारखी अँटिबायोटिक नेली तर मॅडम एका वहीत रोग्याचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिली हे लिहून घेतात. सरकारचा २०१४ पासूनचा नियम आहे, वही तीन वर्षं जपायची असते. मी तीस वर्षं वह्या लिहिणारा माणूस, मी ती वही चाळून बघितली. एकही ओळ कोरी नाही, एकही नाव ‘गिऱ्हाईक’ म्हणून ढकललेलं नाही. यार्डात अशी वही मोजक्या दुकानांत सापडेल.

आता उणं काय ते. सूट मिळत नाही. पुलाच्या पलीकडं पंधरा-वीस टक्के सूट देणारी दुकानं आहेत, आणि ज्यांना महिन्याची बीपी-शुगरची औषधं लागतात त्यांना हा फरक जाणवतो. मी स्वतः माझ्या बीपीच्या गोळ्या तिथूनच आणायचो, आता आणत नाही, पण प्रत्येकाला तसं परवडेल असं नाही. महागडी किंवा क्वचित लागणारी औषधं ठेवत नाहीत. सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी येतात. रात्रीचं दुकान नाही. फोन उचलतात तो त्यांचा चांगुलपणा आहे, दुकानाची सेवा नव्हे, त्यामुळं रात्री औषध लागलं तर सांगलीत जावं लागतं. गर्दीच्या वेळी फार थांबावं लागतं, कारण त्या प्रत्येकाशी बोलतात. मागं उभा असलेला माणूस वैतागतो. मीही वैतागलोय. यावर त्यांनी मदतीला आणखी एक शिकलेलं माणूस ठेवायला हवं, हे मी त्यांना दोनदा सांगितलं आहे. आणि बोळात चारचाकी जात नाही, आजारी माणसाला घेऊन येणाऱ्यांनी गाडी मोठ्या रस्त्यालाच लावावी.

पाचपैकी साडेचार देतो. अर्धा कमी केला तो थांबायला लागतं म्हणून.

दुकान सकाळी साडेनऊ ते दुपारी दोन, पुन्हा साडेचार ते रात्री साडेनऊ. रविवारी फक्त सकाळी. काही विचारायचं असेल तर संध्याकाळी पाच ते सहाच्या मध्ये जा. जाताना डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, आणि घरात जुन्या उरलेल्या पट्ट्या असतील तर त्याही पिशवीत टाका. कोणती ठेवायची, कोणती फेकायची, ते त्या एकेक बघून सांगतात. माझ्या डब्यातल्या अकरा पट्ट्यांपैकी दोन राहिल्या.